मादुरो गेले, पण अमेरिका–व्हेनेझुएला तणाव गेला का? एका तेल-नियोजकाचे उत्तर

प्रश्नकर्ते रसायन अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत आणि त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. ३ जानेवारी २०२६ रोजी अमेरिकी सैन्याने राजधानी काराकासमधून व्हेनेझुएलाचे अध्यक्ष निकोलस मादुरो यांना पकडून न्यूयॉर्कला नेले, तर आता अमेरिका आणि व्हेनेझुएला यांच्यातील तणाव संपला असे समजावे का, हा पहिला प्रश्न. भारताने रशियाचे तेल कमी करून त्याजागी व्हेनेझुएलाचे स्वस्त तेल घेतले तर फायदा होईल का, हा दुसरा. मी मुत्सद्दी नाही आणि आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यासकही नाही. पश्चिम किनाऱ्यावरील एका रिफायनरीत कोणते कच्चे तेल घ्यायचे, कधी घ्यायचे आणि ते कोणत्या तेलात मिसळून चालवायचे, हे ठरवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे माझे उत्तर त्या खिडकीतून दिसणारे आहे, आणि ते फेब्रुवारी २०२६ मध्ये लिहिलेले आहे, हे लक्षात ठेवून वाचावे.

पहिल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की तणाव एका माणसामुळे होता. हे गृहीतक तपासायला २००६ साल पुरेसे आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये व्हेनेझुएलाचे तेव्हाचे अध्यक्ष ह्युगो चावेझ यांनी संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून अमेरिकेच्या अध्यक्षांना ‘सैतान’ म्हटले. जगभर मथळे झाले. मात्र त्याच वर्षी व्हेनेझुएलाचे दररोज दहा लाख पिंपांहून अधिक तेल अमेरिकेच्या बंदरांत उतरत होते, त्याचे पैसे वेळेवर पोहोचत होते, आणि व्हेनेझुएलाच्या सरकारी कंपनीच्या, म्हणजे पेदेवेसाच्या मालकीची सिटगो ही कंपनी अमेरिकेतील पंपांवर पेट्रोल विकत होती. शिवीगाळ आणि व्यापार एकाच वेळी सुखाने नांदत होते. तेलाचा व्यवहार खऱ्या अर्थाने तुटला तो २८ जानेवारी २०१९ रोजी, जेव्हा अमेरिकेने थेट पेदेवेसावर निर्बंध लादले. म्हणजे दोन्ही देशांत तेलाचा व्यापार व्हावा की नाही, यावर मूळ भांडण कधीच नव्हते. भांडण होते आणि आहे ते त्या तेलातील वाटा कोणाचा किती आणि अटी कोण ठरवणार, यावर. मादुरो हे त्या भांडणातील एका टप्प्याचे नाव होते.

हा वाटा कसा बदलत गेला हे पाहिले की एक ठसठशीत क्रम दिसतो. १९४०च्या दशकात नफ्याची निम्मी-निम्मी वाटणी परदेशी कंपन्यांकडून मान्य करून घेणारा व्हेनेझुएला हा पहिला मोठा तेल उत्पादक देश ठरला. १९७३च्या अरब तेलबंदीनंतर भाव चौपट झाले आणि १ जानेवारी १९७६ रोजी तेव्हाचे अध्यक्ष कार्लोस आंद्रेस पेरेझ यांनी तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. पेरेझ हे समाजवादी क्रांतिकारक वगैरे नव्हते, अमेरिकेशी त्यांचे बरे चालले होते, तरीही त्यांनी हे केले. पुढे १९९०च्या दशकात भाव कोसळले, १९९८ मध्ये तर ते दहा डॉलरच्या आसपास आले, आणि त्याच काळात काराकासने परदेशी कंपन्यांना पुन्हा बोलावून ओरिनोको नदीजवळच्या जड तेलाच्या पट्ट्यातील प्रकल्पांना केवळ एक टक्का रॉयल्टीची, म्हणजे उत्पादनातून सरकारला द्यायच्या वाट्याची, सवलत दिली. भाव चढू लागताच २००४ मध्ये ती रॉयल्टी १६ टक्क्यांच्या पुढे नेली गेली आणि २००७ मध्ये त्या प्रकल्पांत किमान ६० टक्के हिस्सा पेदेवेसाचा असलाच पाहिजे, असा नियम लागू झाला. एक्झॉन आणि कोनोकोफिलिप्स बाहेर पडल्या. शेव्हरॉन निम्म्याहून कमी हिस्सा पत्करून थांबली, आणि आज तिथे पाय रोवून असलेली एकमेव मोठी अमेरिकी कंपनी तीच आहे.

थोडक्यात, भाव पडले की काराकास दार उघडते आणि भाव चढले की करार पुन्हा लिहायला बसते. यात काराकासचा स्वभावदोष काढण्यात अर्थ नाही. गुंतवणूक होईपर्यंत कंपनी वरचढ असते. विहिरी खोदून झाल्या, नळ टाकून झाले की ते उचलून नेता येत नाहीत, आणि मग सरकार वरचढ होते. तेल असलेल्या बहुतेक देशांत हे घडले आहे. व्हेनेझुएलात ते अधिक वेळा आणि अधिक कडवटपणे घडले, एवढेच. म्हणून भविष्याविषयी विचारणाऱ्याला मी आधी हे सांगतो की आज सह्या झालेल्या करारांची परीक्षा आज होणार नाही. पुढे कधी तेल १०० डॉलरच्या वर जाऊन काही काळ तिथे राहिले, तर तेव्हा ती होईल.

आताच्या मांडणीत तर या परीक्षेची बीजे उघडच दिसतात. मादुरो यांना नेले, पण सरकार तेच राहिले. उपाध्यक्ष डेल्सी रॉड्रिगेझ या हंगामी अध्यक्ष झाल्या, आणि त्या आधीपासून तेलमंत्रीही होत्या. वॉशिंग्टनने व्हेनेझुएलाच्या तेलाची विक्री आणि त्या पैशाचा ओघ आपल्या देखरेखीखाली आणला. जानेवारीअखेर व्हेनेझुएलाच्या संसदेने खाजगी कंपन्यांना अधिक मोकळीक देणारी हायड्रोकार्बन कायद्याची दुरुस्ती मंजूर केली. हे सगळे झपाट्याने झाले म्हणून ते टिकाऊ आहे, असे मानायला मी तयार नाही. स्वतःच्या तेलाचे पैसे दुसऱ्याच्या संमतीने खर्च करावे लागणे, हे कोणत्याही पक्षाच्या कोणत्याही व्हेनेझुएलन सरकारला दीर्घकाळ परवडणारे नाही, आणि तिथे खरोखर मुक्त निवडणुका झाल्या तर त्या प्रचारात हाच मुद्दा सर्वांत आधी येईल. विरोधी पक्ष सत्तेत आला म्हणजे तो वॉशिंग्टनचे सगळे ऐकेल, असे ज्यांना वाटते त्यांनी १९७६ पुन्हा आठवावे.

आता थोडे तेलाविषयी. आपण रसायन अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात म्हणून इथे मी जरा रेंगाळणार आहे, आणि माझ्या मते या दोन देशांचे नाते ज्या गोष्टीने बांधले आहे ती इथेच सापडते.

व्हेनेझुएलाचे साठे ३०३ अब्ज पिंप सांगितले जातात आणि ते जगात सर्वाधिक आहेत. या आकड्याचा फार मोठा भाग ओरिनोको नदीच्या उत्तरेकडील पट्ट्यातील अतिजड तेलाचा आहे, आणि भाव चढे असताना ते तेल काढणे परवडेल असे धरून तो साठ्यांत जमा झाला आहे. हे तेल ८ ते १० अंश एपीआयचे असते (या मापात अंश जितके कमी तितके तेल जड). सामान्य तापमानाला ते काकवीसारखे जड वाहते, नळातून पुढे सरकतच नाही. म्हणून त्यात नॅफ्थासारखे पातळ द्रव्य मिसळावे लागते, आणि तेही थोडेथोडके नाही. मिश्रणाचा पाचवा ते तिसरा हिस्सा या पातळ द्रव्याचा असू शकतो. अशा मिश्रणातून तयार होणारा, सुमारे १६ अंश एपीआयचा, ‘मेरे’ हा त्यांचा निर्यातीचा मुख्य ग्रेड. त्यात गंधक भरपूर, आणि व्हॅनेडियम व निकेल हे धातूही भरपूर, जे उत्प्रेरकाला अक्षरशः मारतात. असे तेल नेहमीच्या रिफायनरीत घातले तर तळाशी उरणाऱ्या जड गाळाचे काय करायचे हा प्रश्न पडतो. त्यासाठी कोकर लागतो, म्हणजे तो गाळ तापवून, फोडून त्यातून डिझेल-पेट्रोलचे घटक काढणारे आणि उरलेल्याचा पेटकोक करणारे युनिट.

जगात असे मोठे कोकर सर्वाधिक कुठे आहेत? टेक्सास आणि लुईझियानाच्या किनाऱ्यावर. ते तिथे योगायोगाने उभे राहिले नाहीत. १९८० आणि १९९०च्या दशकांत व्हेनेझुएला आणि मेक्सिकोच्या जड तेलाचा हिशेब मांडूनच ते उभारले गेले. पेदेवेसाने १९८६ मध्ये सिटगोचा निम्मा आणि १९९० मध्ये उरलेला हिस्सा घेतला तो याच हिशेबाने, आपल्या जड तेलाला हमखास गिऱ्हाईक मिळावे म्हणून. पुढे अमेरिकेत शेल तेलाचा पूर आला, परंतु ते तेल हलके आहे. त्याने या कोकरांचे पोट भरत नाही. मेक्सिकोचे उत्पादन घटले, आणि कॅनडाच्या जड तेलावर सगळी भिस्त आली. म्हणूनच निर्बंधांच्या काळातही शेव्हरॉनला नोव्हेंबर २०२२ मध्ये विशेष परवाना मिळाला आणि मध्ये एकदा काढून घेतल्यावर २०२५ मध्ये तो मर्यादित स्वरूपात पुन्हा द्यावा लागला. दुसऱ्या बाजूला, ओरिनोकोला लागणारा नॅफ्था पूर्वी प्रामुख्याने अमेरिकेतूनच जात असे. तो २०१९ मध्ये थांबला आणि व्हेनेझुएलाला इराणकडून, नंतर रशियाकडून, अर्ध्या जगाला वळसा घालून पातळ द्रव्य आणावे लागले. दोन्ही बाजूंची गरज इतकी पूरक असलेले देश कायमचे तुटत नाहीत, असे माझे मत आहे. ते भांडत राहतात.

मात्र गरज पूरक आहे म्हणून उत्पादन लगेच वाढेल, ही दुसरी घाईची समजूत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस व्हेनेझुएला दररोज तीस लाख पिंपांहून अधिक तेल काढत असे. २०२० मध्ये हा आकडा चार लाखांच्याही खाली गेला होता आणि २०२५ मध्ये तो नऊ-दहा लाखांच्या आसपास आला. घसरणीचा दोष फक्त निर्बंधांना देणारे आणि फक्त चावेझ-मादुरो यांना देणारे, दोघेही अर्धेच सांगतात. २००२-०३च्या संपानंतर पेदेवेसातून सुमारे १८ हजार कर्मचारी काढले गेले. त्यांत जलाशयाचे अभियंते होते, विहिरी ओळखीच्या असलेले तंत्रज्ञ होते. ती माणसे कोलंबियात, कॅनडात, आखातात गेली आणि तिथे स्थिरावली. जड तेलाचे हलक्या तेलात रूपांतर करणारी, १९९०च्या दशकात आखलेली मोठी युनिटे आता बहुतेक जीर्ण आहेत किंवा नुसती मिश्रणासाठी वापरली जातात. २००३ नंतर इराकला युद्धपूर्व उत्पादनाची पातळी पुन्हा गाठायला साधारण पाच वर्षे लागली, आणि इराकचे तेल काढायला कितीतरी सोपे आहे. ट्रम्प यांनी तेल कंपन्यांकडून किमान १०० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची अपेक्षा व्यक्त केली, तेव्हा एक्झॉनच्या प्रमुखांनी सध्याच्या स्थितीत तो देश गुंतवणुकीस योग्य नाही, असे त्यांच्यासमोरच सांगितले. दोनदा मालमत्ता गमावलेल्या कंपनीचे हे बोलणे मला कोणत्याही सरकारी निवेदनापेक्षा अधिक वजनदार वाटते.

याच्या जोडीला जुनी देणी आहेत. कोनोकोफिलिप्सच्या बाजूने २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने आठ अब्ज डॉलरहून अधिक भरपाईचा निवाडा दिला. त्याआधी २०१८च्या मे महिन्यात याच कंपनीने दुसऱ्या एका निवाड्याच्या वसुलीसाठी कॅरिबियन बेटांवरील पेदेवेसाच्या साठवण-टर्मिनलांवर जप्तीची कारवाई केली, आणि अमेरिकेने तेलावर निर्बंध लादण्याच्या आठ महिने आधीच व्हेनेझुएलाची निर्यात तुंबली. खरेदीदाराच्या बाजूला बसलेल्यांना तेव्हा समजले की या देशाचे तेल राजकारणामुळेच अडकते असे नाही. एखाद्या सावकाराच्या वकिलामुळेही अडकू शकते. २०१७च्या अखेरीस देशाने कर्जफेड थांबवली, तेव्हापासून एकूण परकीय देणे १५० अब्ज डॉलरच्या वरच सांगितले जाते. चीनने २००७ पासून सुमारे ६० अब्ज डॉलरची कर्जे दिली, ज्यांची फेड बरीचशी तेलाने होत होती. उरलेले तो सोडणार नाही. सिटगोच्या मूळ कंपनीचे समभाग धनकोंची देणी भागवण्यासाठी विकण्यास डेलावेअरच्या संघीय न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. ही विक्री पूर्णत्वास गेली तर व्हेनेझुएलाच्या कोणत्याही भावी सरकारच्या मनात ती दुखरी जागा राहील, आणि थांबली तर धनको दुसरीकडे जप्तीला धावतील. आपली ओएनजीसी विदेशही या रांगेत आहे: सान क्रिस्तोबल क्षेत्रात तिचा ४० टक्के हिस्सा आहे आणि ५० कोटी डॉलरहून अधिक लाभांश वर्षानुवर्षे अडकून पडला आहे.

आता परवान्यांविषयी, कारण बातम्या वाचणाऱ्याला ‘निर्बंध शिथिल’ हे शब्द दिसले की व्यापार सुरू झाला असे वाटते. मादुरो सरकार आणि विरोधक यांच्यात निवडणुकांबाबत बार्बाडोसमध्ये झालेल्या समझोत्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेने व्हेनेझुएलाच्या तेल व्यवहारांना सहा महिन्यांचा सर्वसाधारण परवाना दिला आणि एप्रिल २०२४ मध्ये तो संपू दिला. नियोजकाच्या टेबलावर सहा महिने म्हणजे किती? परवान्याचा मजकूर वकील तपासतात, बँक एलसी, म्हणजे विक्रेत्याला पैसे मिळण्याची हमी देणारे पत्र, उघडायला तयार होते की नाही हे पाहावे लागते, ज्याचा पूर्वेतिहास स्वच्छ आहे असे जहाज शोधावे लागते, विमा कंपनीचा होकार घ्यावा लागतो. मग व्हेनेझुएलाच्या होसे टर्मिनलवरून भरलेले मोठे तेलवाहू जहाज आफ्रिकेला वळसा घालून गुजरातच्या किनाऱ्याला लागायला दीड महिना घेते. तेल आले की त्याचा नमुना कागदावरील अहवालाशी जुळतो का हे पाहायचे, कारण त्या बंदरातून येणाऱ्या मालात पाणी आणि मीठ ठरल्यापेक्षा जास्त निघाल्याच्या तक्रारी या धंद्यात नवीन नाहीत, आणि तेलातले मीठ-पाणी काढणारा डीसॉल्टर बिघडला तर सूट मिळवून कमावलेले सगळे तिथेच जाते. एक-दोन कार्गो नीट चालवून पाहीपर्यंत परवान्याची मुदत संपत आलेली असते. अशा परवान्यावर कोणी नवे युनिट उभारत नाही. त्यावर मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने आणखी एक पायरी गाठली: व्हेनेझुएलाचे तेल घेणाऱ्या कोणत्याही देशाच्या मालावर २५ टक्के आयातशुल्क लावता येईल, असा आदेश निघाला. एका कंपनीने तेल घ्यायचे आणि त्याचा फटका सुरतच्या हिरे व्यापाऱ्याला किंवा तिरुपूरच्या कापड निर्यातदाराला बसायचा, अशी ती रचना. अशा वेळी रिफायनरीतील नियोजकाला कोणी विचारत नाही. निर्णय दिल्लीत होतो.

यावरून दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. रशियाच्या उरल्स तेलाच्या जागी व्हेनेझुएलाचे मेरे, हा बदल कागदावर जितका सोपा दिसतो तितका नाही. उरल्स साधारण ३१ अंश एपीआयचे मध्यम तेल आहे आणि भारतातील बहुतेक रिफायनऱ्या ते थोड्याफार जुळवाजुळवीने चालवू शकतात. मेरे चालवण्यासाठी मोठा कोकर आणि धातू सोसणारी पुढची युनिटे लागतात. रिलायन्सची जामनगर रिफायनरी त्यासाठीच ओळखली जाते, आणि २०१२ मध्ये कंपनीने पेदेवेसाशी दीर्घ मुदतीचा पुरवठा करार केला तो याच बळावर. गुजरातमधील वाडीनारच्या रिफायनरीलाही कोकर आहे, पण तिथे रशियाच्या रोझनेफ्टचा हिस्सा आणि त्यामुळे जुलै २०२५ मध्ये आलेले युरोपीय निर्बंध असा वेगळाच गुंता आहे. सरकारी कंपन्यांच्या काही रिफायनऱ्या इतर तेलांत मिसळून थोडे घेऊ शकतील. मुंबईत माहुलला असलेल्या दोन्ही रिफायनऱ्या १९५०च्या दशकात उभ्या राहिल्या, शहराने वेढल्या गेल्या, आणि अशा तेलाचे मोठे प्रमाण त्यांना झेपणारे नाही. शिवाय व्हेनेझुएलाची सगळी निर्यात मिळूनही भारताने अलीकडच्या वर्षांत रशियाकडून घेतलेल्या तेलाची बरोबरी करत नाही, आणि त्या निर्यातीवर पहिला हात आता अमेरिकी किनाऱ्यावरील कोकरांचा असणार. सूट तेव्हा मोठी होती जेव्हा घेणारे थोडे होते. बाजार उघडला की सूट आटते. तेव्हा भारताला थोडा फायदा होईल, तो मुख्यतः एक-दोन कंपन्यांना होईल, आणि पंपावरील दरात तो दिसणार नाही.

आता पुढे काय, याविषयी माझा अंदाज, अनेक ‘जर’ जोडून. अमेरिकेतील प्रशासन बदलले, काराकासमधील लष्करी गटांत फूट पडली, किंवा शेजारच्या गयानाच्या एसेकिबो भागावरील व्हेनेझुएलाचा जुना दावा पुन्हा पेटला, तर चित्र वेगळे होईल. गयानात २०१५ मध्ये एक्झॉनला तेल सापडल्यापासून तो दावा जास्तच ज्वलनशील झाला आहे. हे बाजूला ठेवले तर पुढील तीन-चार वर्षांत व्यापार वाढेल, उत्पादन हळूहळू चढेल, बातम्यांतून हा देश मागे पडेल आणि तणाव संपल्यासारखे वाटेल. तो रणांगणावरून न्यायालयांत, रॉयल्टीच्या कलमांत आणि तेलाचे पैसे कोणत्या खात्यात जातात या प्रश्नात सरकलेला असेल. नंतर कधीतरी भाव चढतील, व्हेनेझुएलात कोणीतरी नेता उभा राहून हे करार दडपणाखाली झाले होते असे म्हणेल, आणि त्याचे म्हणणे पूर्णपणे खोटे नसेल. त्या वेळी वॉशिंग्टन फेरवाटाघाटीला बसते की पुन्हा निर्बंध लादते, यावर पुढची वीस वर्षे ठरतील.

तोवर आपल्याला स्वतः लक्ष ठेवायचे असेल तर नेत्यांची भाषणे सोडून द्या. परवान्यांची मुदत सहा महिन्यांवरून काही वर्षांवर जाते का, आणि करारावर सही करणारी संस्था निवडून आलेल्या संसदेला उत्तरदायी आहे का, या दोन गोष्टी पाहा. एकच आकडा पाहायचा असेल तर व्हेनेझुएलाच्या बाहेर जाणाऱ्या जहाजांपेक्षा आत येणारी जहाजे मोजा, म्हणजे होसेकडे किती नॅफ्था जातो ते. ओरिनोकोत उत्पादन वाढणार असेल तर त्याची चाहूल काही आठवडे आधी तिथे लागते. जहाजांच्या हालचाली नोंदवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीवर आधारलेल्या बातम्या इंग्रजी वृत्तसंस्थांत नियमित येतात, त्यासाठी कोणतेही महागडे सदस्यत्व घ्यावे लागत नाही.